बुटांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या

"बाई आहेत का?" मुलीने विचारलं.

मी भांडी घासता घासता दाराशी आलो होतो. हात ओले होते. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, पाठीवर दप्तर. ती दारासमोर उभी नव्हती. दाराच्या बाजूला, भिंतीला चिकटून, रस्त्यावरून दिसणार नाही अशी उभी होती.

"कोण बाई?" मी म्हणालो. मला कळलं होतं कोण ते. पण चार महिने झाले तरी कुणी असं विचारलं की मी आधी हेच म्हणतो. तेवढाच थोडा वेळ जातो.

"ओबदुलियाबाई. कॉलेजच्या खिडकीवरच्या. यारेली आलीये म्हणून सांगा, ओळखतील त्या."

"ती वारली, पोरी. मे महिन्यात."

तिने दप्तर पाठीवरून काढून पोटाशी धरलं आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही. आई आणि मी उन्हाळाभर समुद्राकडे होतो, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कामाला. परवाच आलो."

"स्वादुपिंडाचं झालं होतं. कळल्यावर नऊ आठवडे."

"मार्चमध्ये मला ओरडल्या होत्या. दोन पेपरांना एकच पेन घेऊन गेले म्हणून."

"हां, ओरडायची ती."

मी आत जाऊन कॉफी आणली. तिने कप घेतला, पण प्यायली नाही. रस्त्यावरून एक पांढरी गाडी गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तिच्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "काका, मग माझी चिठ्ठी कुठंय? पिवळी. बाई म्हणाल्या होत्या, तुला वाटेल तेव्हा ये आणि घेऊन जा, कारण सांगू नकोस. मला आता हवीये."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

ती चिठ्ठी माझ्याकडे नव्हती. जूनमध्ये मी माझ्या हाताने ती कॉलेजला नेऊन दिली होती. तिच्यासारख्या आणखी साठ होत्या.

माझी बायको ओबदुलिया आमच्या गावच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर तेवीस वर्षं होती. मी द्राक्षांच्या मळ्यात. अजूनही आहे, मालक आर्मेनियन आहे, म्हातारा आहे, मला काढत नाही. आमच्याकडची द्राक्षं बेदाण्याची. सप्टेंबरमध्ये दोन रांगांच्या मधे जमिनीवर कागद अंथरायचे, त्यावर घड मांडायचे, तीन आठवडे ऊन खाऊ द्यायचं. बेदाणे उचलले की कागद उरतात. ते मळ्यातच ढीग करून जाळतात. त्या दिवसांत माझ्या कपड्यांना धुराचा वास यायचा आणि ओबदुलिया मला अंगणातच शर्ट काढायला लावायची. "तुम्ही कागद जाळता नि आम्ही भरतो," म्हणायची.

कॉलेजचा अर्ज आता बहुतेक जण कॉम्प्युटरवर भरतात, पण खिडकीवर मागितला तर अजून कागदाचा मिळतो. पूर्वी सगळेच कागदावर भरायचे. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, आणि लगेच नऊ चौकोन. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकार देतं तो ओळखीचा नंबर. इथे जन्मलेल्याला तो जन्मतःच मिळतो, परवाना घेऊन आलेल्याला नंतर मिळतो. यारेलीसारख्यांना मिळत नाही. ती दोन वर्षांची असताना आईच्या पाठीवर बसून सीमा ओलांडून आली होती. शाळेत कुणी नंबर विचारत नाही. कॉलेजच्या अर्जात पहिल्याच पानावर विचारायचे.

खिडकीसमोर एक लांब बाक आहे. मुलं तिथे बसून अर्ज भरायची. नाव लिहायची, तारीख लिहायची, चौकोनांशी आली की पेन थांबायचं. मग पाणी प्यायला जातो असं दाखवून उठायची आणि परत यायची नाहीत. संध्याकाळी बाकावर अर्ज पडलेले असायचे. सगळे एकाच जागी थांबलेले. बाकीचे कारकून ते कचऱ्यात टाकायचे. ओबदुलियाने ते वर्षभर खणात साठवले. एकशे चाळीस भरले.

ते घेऊन ती कॉलेजच्या समितीपुढे गेली. समितीत एक साहेब होते, अर्ज आपुलकीचा दिसावा हे काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी कडेची निळी पट्टी काढून केशरी केली होती आणि वर हसणाऱ्या मुलांचा फोटो टाकला होता. ओबदुलियाने विचारलं, "साहेब, या फोटोतल्या कितीजणांकडे नंबर आहे?" साहेब म्हणाले, ते कसं सांगता येईल. "मग दार बंदच ठेवायचं तर त्याला रंग कुठलाही द्या," ती म्हणाली. हे तिने मला घरी येऊन सांगितलं. ती भांडखोर नव्हती. भांडून आली की तिचं पोट दुखायचं.

तीन वर्षं गेली. शेवटी नऊ चौकोन शेवटच्या पानावर गेले आणि त्यांच्याखाली दोन्ही भाषांत छापून आलं: नंबर नसेल तर रिकामं सोडा. अर्ज थांबत नाही. तो छापलेला अर्ज तिने जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "दोन ओळींसाठी तीन वर्षं?"

"तुझ्या वेलींना द्राक्षं किती वर्षांनी लागतात रे? गप जेव."

त्या दोन ओळींनंतर मुलं अर्ज पुरे करू लागली. पण प्रवेश मिळाला की पुढचे प्रश्न यायचे. फीची सवलत कशी मागायची, कुठला वकील फसवणार नाही, रुग्णालयात शिकाऊ म्हणून घेतील का. ही मुलं विचारायला यायची नाहीत. समितीचं म्हणणं पडलं की अर्जातच एक छोटा चौकोन करू, ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांनी खूण करावी, मग कॉम्प्युटर आपोआप त्यांना मदतीची माहिती पाठवेल. सगळ्यांना ते पटलं. फक्त ओबदुलियाला पटलं नाही. "चौकोनातली खूण कॉम्प्युटरात जाते, ती कोण पुसणार? कागद द्या. कागद हातात परत देता येतो."

म्हणून पिवळी चिठ्ठी निघाली. अर्ध्या पानाची, अर्जापासून सुटी. नाव, पत्ता, फोन, आणि खाली एकच वाक्य: माझ्याकडे कागदपत्रं नाहीत, माझ्याशी कुणीतरी बोलावं. मूल ती ओबदुलियाच्या हातात द्यायचं, ती आपल्या खणात ठेवायची. शिक्षण पुरं झालं, किंवा कॉलेज सोडलं, किंवा नुसती भीती वाटली, की खिडकीवर येऊन मागायची. ओबदुलिया परत द्यायची आणि म्हणायची, माझ्यासमोर फाड. पदवीच्या दिवशी खिडकीवर रांग लागायची. त्या संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा बाहीवर, केसांत पिवळे कपटे असायचे. मी विचारायचो, आज किती? ती बोटं दाखवायची. दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत त्या वर्षी आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो.

मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा घेऊन ती घरी आली, तेव्हा तिच्या हातात माझ्या बुटांचा जुना खोका होता. तो तिने न्हाणीघरातल्या कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवला. मी बघितलं आणि विचारलं नाही. खरं तर मला नवल वाटायला हवं होतं. चुकून कॉलेजचं पेन पर्समध्ये आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारी बाई होती ती. तेवीस वर्षांत तिने तिथली टाचणी घरी आणली नव्हती, आणि तो खोका आणला. त्याआधी कधी नाही, फक्त तो. पण तेव्हा तिच्या तपासण्या चालू होत्या आणि मी दुसरं काही बघत नव्हतो. तीही मरणाचं काही बोलली नाही. दोघंही ती कामावर परत जाणार असंच बोलत राहिलो.

जूनमध्ये टॉवेल काढताना खोका सापडला. एकसष्ट चिठ्ठ्या. कोपऱ्यांत तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. आजी आजारी. गणित कच्चं, शिकवणीला पाठवणे. लाजते, तिसऱ्यांदा आली तेव्हा बोलली. बाप दारू. याला भूक लागलेली असते. मी दोन संध्याकाळी बसून ते वाचलं. दुमडलेले कोपरे सरळ केले. आडनावांप्रमाणे लावल्या. मग वाटलं, तिच्या जागी येणाऱ्याला सोपं जावं, म्हणून एक यादी केली. नाव, पत्ता, फोन. माझं अक्षर चांगलं नाही, म्हणून ठळक, सुटं, सावकाश लिहिलं. ती गेल्यानंतरच्या दिवसांत त्या दोन संध्याकाळीच तेवढं मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून खोका कॉलेजात नेऊन दिला. कॉलेजची वस्तू कॉलेजला.

यारेलीला मी हे सगळं पायरीवर सांगितलं. यादीचं सोडून. ते तोंडातून निघालं नाही.

तिने कप खाली ठेवला. "कॉलेजला सरकारचं पत्र आलंय म्हणतात. कागद नसलेल्या मुलांची नावं मागितलीयेत. म्हणून मी आले. मला वाटलं, बाईंच्या खणात आहे तोवर ठीक आहे."

"उद्या सकाळी जाऊ. मीच दिलीये, मीच मागून आणतो."

"देतील?"

"का नाही देणार? तुझी आहे ती."

मी हे खरं समजूनच बोललो. मी स्वतः या देशात असाच आलो होतो, रात्री, चालत. पण शहाऐंशी साली कायदा झाला आणि मळ्यात काम केल्याचा दाखला आणणाऱ्यांना कागद मिळाले. मलाही मिळाले. आधी आठ वर्षं मी परवाने तपासणाऱ्या पोलिसांची पांढरी गाडी दिसली की वेलींत शिरायचो. नंतर विसरलो. माणूस दाढदुखी विसरतो तसा.

सकाळी तिला तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून घेतलं. माझ्या छोट्या ट्रकमध्ये ती सीटवर खाली सरकून बसली, डोकं खिडकीच्या काचेखाली. कॉलेजच्या आवारात गाडी लावली तेव्हा म्हणाली, "मी इथंच थांबते, काका."

"डिसेंबरात तुझं संपतंय ना?"

"एक सत्र. मग परीक्षा, मग नर्स." मग म्हणाली, "आईनं पांढरे बूट आधीच आणून ठेवलेत. एक नंबर मोठे. म्हणते, नर्सचे पाय सुजतात."

आत ओबदुलियाच्या खिडकीवर आता पाकू बसते. ह्मोंग जमातीची मुलगी आहे, तिचे आईबाप थायलंडच्या निर्वासित छावणीतून आले. ओबदुलियानेच तिला काम शिकवलं. मला बघून ती खिडकीबाहेर आली आणि खुर्ची ओढली.

"बसा ना, काका. जेवताय ना नीट? बारीक झालात."

"पाकू, तो खोका."

तिचा चेहरा उजळला. "काळजीच करू नका. सगळं कॉम्प्युटरात घेतलंय मी. एकसुद्धा चिठ्ठी हरवायची नाही. तुमची यादी होती ना, म्हणून तर एका दुपारीत झालं. बघा."

तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्या पानावर माझं अक्षर होतं. ठळक, सुटं. आंद्रादे आडनावापासून सुरू.

"एक चिठ्ठी परत हवीये," मी म्हणालो. "पोरगी बाहेर गाडीत बसलीये. ओबदुलिया परत द्यायची. मागितली की द्यायची, आणि आपल्यासमोर फाडायला लावायची."

पाकूचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"परत द्यायच्या?" ती हळू म्हणाली. "मला वाटलं, या ठेवायच्या असतात. त्या खणाला नेहमी कुलूप असायचं. बाईंनी मला कधीच... मला वाटलं, मी त्यांचं काम पुढे..."

"मलाही तसंच वाटलं."

"मागच्या मंगळवारपर्यंत मला पुसता आलं असतं, काका. बुधवारी कॉलेजच्या वकिलानं सगळ्याला कुलूप लावलं. पत्र आलंय. आता काहीच पुसायचं नाही, काहीच काढायचं नाही. कागदसुद्धा त्यांनी नेले, लाखेचा शिक्का मारून." ती डोळे पुसत नव्हती, नुसते वाहू देत होती. "माझ्या आजोबांचं नाव एका यादीत होतं. तिकडे, आमच्या देशात. लहानपणापासून ऐकत आलेय मी. आणि मीच..."

"यादी मी केली," मी म्हणालो. "तू नाही."

मग ती मला डीनबाईंकडे घेऊन गेली. मिसेस टॉलिव्हर. ओबदुलियाच्या अंत्यसंस्काराला आल्या होत्या, मोठा पुष्पगुच्छ आणला होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या, टेबलापलीकडे नाही.

"आम्ही नावं दिलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्ही कोर्टात जातोय. कदाचित द्यावी लागणारही नाहीत."

"कदाचित."

"हो. याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल."

"मला सगळ्या नकोत. एकच द्या. पोरीचं एक सत्र राहिलंय."

"एक काढली तर सरकारवाले म्हणतील आम्ही पुरावा लपवतोय. मग न्यायाधीश आमचं ऐकणार नाही. एकीसाठी साठ जणांचं नुकसान होईल."

मला त्यात चूक काढता आली नाही. अजूनही येत नाही.

"मी आणून दिल्या," मी म्हणालो. "कुणी मागितल्या नव्हत्या. मी म्हातारा माणूस, मला अक्कल नाही, चुकून आणल्या. असं लिहून देतो. सही करतो."

"तुम्ही फार नीट लावून आणल्या होत्या, एवारिस्तो," त्या म्हणाल्या. त्यांना मला टोचून बोलायचं नव्हतं. मला वाटतं, माझं सांत्वन करायचं होतं.

उठताना मी विचारलं, "समजा त्या दिवशी मी आणल्याच नसत्या तर?"

"तर आमच्याकडे काही नसतं," त्या म्हणाल्या. "जे नाही ते कुणी मागू शकत नाही. ओबदुलिया हेच तर सांगायची. आम्ही मान डोलवायचो, नीट ऐकत नव्हतो."

गाडीत बसलो तेव्हा यारेलीने माझ्या हातांकडे बघितलं. रिकामे होते.

"देत नाहीत," मी म्हणालो.

"बाई तर म्हणाल्या होत्या मागितली की मिळेल."

"हो. ती असती तर मिळालीच असती."

"मग बाई खोटं बोलल्या नाहीत." ती हे मला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही. "चिठ्ठीवर पत्ता आहे ना आमचा?"

"आहे."

मग मी तिला यादीचंही सांगितलं. सांगितल्यावाचून तिला घरी सोडता आलं नसतं. ती चिडेल, दार आपटून उतरेल असं वाटलं. ती तशीच खाली सरकून बसली होती. म्हणाली, "कोपऱ्यात बाईंनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं? सगळ्यांच्या चिठ्ठीवर लिहायच्या त्या. मी बघितलंय, पण वाचू द्यायच्या नाहीत."

मला आठवत होतं. एकसष्टच्या एकसष्ट आठवत होत्या. "लिहिलं होतं, 'ही होणार नर्स. हिच्या आईशी बोलणे, आईला भीती वाटते.'"

"आई तर म्हणतच होती," ती म्हणाली, "कुठेच काही लिहून देऊ नकोस. मी म्हटलं, अगं आई, तू खेडवळ आहेस. कॉलेज आहे ते."

चार दिवसांनी ती परत आली. या वेळी आत आली. एक जाड पुस्तक टेबलावर ठेवलं, शरीरातली हाडं आणि स्नायू दाखवणारं.

"ग्रंथालयाचं आहे. तेवढं परत कराल? नावावर राहायला नको."

"कुठे निघालात?"

"उत्तरेला. मामी आहे. सफरचंदं." मग जरा हसली. "आई म्हणते, झाडावर चढायला ते पांढरे बूट चांगले. रबर आहे खाली."

मला काहीतरी द्यायचं होतं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून सकाळी आणलेल्या गोड पावांची पिशवी दिली. तिने ती घेतली. जाताना दाराशी थांबली आणि ओबदुलियाचा फोटो लावलाय तिकडे बघून म्हणाली, "येते, बाई." मला काही म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.

नंतर मी दुसरं एक काम सुरू केलं. यादी माझ्या हातची असल्यामुळे नावं पाठ होती. पत्ते गावातलेच. कागदावर उतरवले नाहीत, आठवतील तसे रोज संध्याकाळी तीन-चार घरं करायचो. दार वाजवायचो, सांगायचं एवढंच होतं की असं असं झालंय, चिठ्ठी आता खणात नाही, ठरवा काय करायचं ते. पण संध्याकाळी ट्रक येऊन घरापुढे थांबतो, अनोळखी माणूस उतरतो, नाव घेऊन विचारतो. कोण दार उघडणार? मी असतो तर उघडलं नसतं.

एका दारामागून बाई म्हणाली, "त्या नावाचं इथं कुणी राहत नाही."

"मी ओबदुलियाचा नवरा. कॉलेजच्या खिडकीवरच्या."

आत कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. तो मुलगा आतच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. याला भूक लागलेली असते, असं त्याच्या चिठ्ठीवर होतं.

"ऐक," मी दाराशी बोललो. "उघडू नकोस. नुसतं ऐक." आणि सगळं सांगितलं. मी गाडी वळवली तेव्हा मागच्या आरशात दिसलं, घरातले दिवे एकेक करून बंद होत होते.

अकराजणांनी दार उघडलं. त्यांतल्या एकाने माझी कॉलर धरली. मी धरू दिली. त्याची आई मधे पडली, म्हणाली, "सोड, म्हातारा आहे." नऊ घरं रिकामीच होती, पडदेसुद्धा काढून नेलेले. बाकीच्या दारांशी मी बोललो. कुणी ऐकलं, कुणी नाही, माहीत नाही.

पुस्तक परत करायला मला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. ग्रंथालयातल्या मुलाने ते उघडलं, तपासलं, म्हणाला, "दोन दिवस उशीर झालाय, पण असू दे." जाताना मी मुद्दाम प्रवेशाच्या खिडकीवरून गेलो. पाकू नव्हती, जेवायला गेली असेल. खिडकीवर अर्जांची चळत होती, कडेला केशरी पट्टी. शेवटच्या पानावर ओबदुलियाच्या दोन ओळी अजून होत्या. अर्ज थांबत नाही. पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा नव्हता.

समोरच्या बाकावर एक अर्ज पडला होता. पेन त्याच्यावरच ठेवलेलं.

मी तो उचलला आणि शेवटचं पान बघितलं. आधीचं सगळं भरलेलं दिसत होतं, निळ्या शाईत, घाईचं बारीक अक्षर. शेवटच्या पानावर काही नव्हतं. नऊ चौकोन रिकामे, सहीची जागा रिकामी. मी बाहेर जाऊन पाण्याच्या नळापर्यंत बघून आलो. कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं बाकावर बसलो. कुणी आलं नाही. मग अर्जाची घडी घातली, अक्षर आतल्या बाजूला जाईल अशी, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पेन कॉलेजचं होतं, ते खिडकीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात कागद जाळायचे होते. परवानगी मिळाली होती, वारा नव्हता. बेदाण्याचे कागद साखरेने चिकट झालेले असतात, पेटायला वेळ घेतात आणि मग एकदम भडकतात. मजूर रांगांतून कागद ओढत आणत होते, मी काठीने ढीग सारखा करत होतो. चाळीस वर्षं हेच करत आलोय. किती कागद जाळले असतील, मोजदाद नाही. एक बुटांचा खोका त्यात कुणाच्या लक्षातही आला नसता.

ढीग पेटला तेव्हा मी खिशातली घडी काढली. वरच्या पानावर नाव असणार. पत्ता असणार. मी ती उघडली नाही. कागदांच्या मधोमध, खोल, काठीने सारली आणि तिथेच उभा राहिलो.

"चला की, एवारिस्तो," मालक बांधावरून ओरडला. "पेटलं ते. आता काय बघताय?"

मी हात वर करून त्याला थांब म्हणून खूण केली. पूर्ण जळेपर्यंत हललो नाही. मग काठीने राख उलटीपालटी करून बघितली, कुठे एखादं अक्षर राहिलंय का.